गृहवाढ व लोकसंख्यावाढ, लॉस अँजेल्स परगण्यातील

एखाद्या प्रदेशात ठराविक कालावधीत निवासगृहांच्या संख्येत पडलेली भर आणि त्याच कालावधीत तेथील लोकसंख्येत झालेली वाढ यांची तुलना करणे, ही गृहनिवसनाच्या अभ्यासातील एक रूढ पद्धती होय. घरे लोकांपेक्षा जलद वाढली असतील तर टंचाई नाही आणि मंद वाढली असतील तर टंचाई आहे, असा निष्कर्ष या तुलनेवरून सामान्यतः काढला जातो. दोन्ही आकडे जनगणनेत सहज मिळत असल्यामुळे वृत्तपत्रे, नगरपालिका व घरबांधणीचे समर्थक आणि विरोधक अशा सर्वांनाच ही पद्धती सोयीची वाटते. मात्र तिच्यावरून काढलेला निष्कर्ष पुष्कळदा चुकतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) कॅलिफोर्निया राज्याच्या लॉस अँजेल्स परगण्याचा १९७० नंतरचा इतिहास हे या चुकीचे बोलके उदाहरण आहे.

अ. सं. सं. मध्ये परगणा म्हणजे कौंटी हा राज्याखालील प्रशासकीय विभाग असून त्याची तुलना स्थूलमानाने आपल्याकडील जिल्ह्याशी करता येईल. लॉस अँजेल्स परगण्याची स्थापना १८५० मध्ये झाली. त्याचे भूक्षेत्र सु. १०,५०० चौ. किमी. असून त्यात लॉस अँजेल्स शहरासह ८८ स्वायत्त नगरे आणि नगरांच्या हद्दीबाहेरील विस्तृत वस्ती यांचा समावेश होतो. लोकसंख्येच्या दृष्टीने हा त्या देशातील सर्वांत मोठा परगणा आहे. घरबांधणीच्या परवानगीचे नियम मात्र प्रत्येक नगर आपापले करते. परगण्याचे शासन फक्त नगरांबाहेरील भागापुरते नियम करते. त्यामुळे ‘परगण्याची गृहवाढ’ ही कोणा एका शासनसंस्थेच्या धोरणाची निष्पत्ती नसून अनेक स्वतंत्र निर्णयांची बेरीज असते.

मापन : अ. सं. सं. मध्ये घरांची स्वतंत्र गणना १९४० पासून लोकसंख्येच्या गणनेबरोबर होऊ लागली. या गणनेतील निवासगृह म्हणजे स्वतंत्रपणे राहण्यासाठी वापरलेली किंवा त्यासाठी योजलेली जागा. बंगला, इमारतीतील सदनिका, फिरते घर किंवा स्वतंत्र प्रवेश असलेली एखादी खोलीसुद्धा तीत मोडते. घर व्यापलेले असो वा रिकामे, ते मोजले जाते. एका निवासगृहात राहणारी माणसे मिळून एक कुटुंब होते, मग त्यांच्यात नाते असो वा नसो. तेव्हा या व्याख्येनुसार कुटुंबांची संख्या आणि व्यापलेल्या निवासगृहांची संख्या या एकच होत. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण तिचा परिणाम मोठा आहे. लग्न झालेला मुलगा घर न मिळाल्यामुळे आईवडिलांकडेच राहिला, तर जनगणनेच्या दृष्टीने दुसरे कुटुंब अस्तित्वातच येत नाही. परिणामी ‘कुटुंबांपेक्षा घरे अधिक आहेत’ हे विधान टंचाई असो वा नसो, नेहमीच खरे ठरते. पुराव्याच्या दृष्टीने त्याला काही मोल नाही.

घरे आणि लोक यांच्यामध्ये दोन दुवे असतात : व्यापलेल्या घरांचे प्रमाण आणि प्रत्येक व्यापलेल्या घरातील माणसांची सरासरी. लॉस अँजेल्स परगण्यात २०१० मध्ये ३४,४५,०७६ निवासगृहे होती. त्यांपैकी ३२,४१,२०४ व्यापलेली होती आणि अशा प्रत्येक घरात सरासरी २.९८ माणसे राहत होती. यांचा गुणाकार करून त्यात वसतिगृहे, तुरुंग, शुश्रूषागृहे अशा संस्थांतील सु. पावणेदोन टक्के लोक मिळविले, की ९८,१८,६०५ ही लोकसंख्या येते. म्हणजेच लोकसंख्या घरांच्या संख्येशिवायही, केवळ घरटी माणसे वाढून, वाढू शकते. उलट घरे वाढूनही लोकसंख्या घटू शकते. वाढीच्या दोन टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी मांडल्या, की मधले हे दोन्ही दुवे दृष्टीआड होतात.

ऐतिहासिक आढावा : १९२० मध्ये परगण्याची लोकसंख्या सु. ९.४ लक्ष होती. ती १९३० मध्ये २२.१ लक्ष झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानबांधणीच्या कारखान्यांमुळे आणि युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना मिळालेल्या शासकीय हमीच्या कर्जांमुळे वाढीचा वेग टिकून राहिला. १९४० मध्ये २७.९ लक्ष असलेली लोकसंख्या १९६० मध्ये ६०.४ लक्षांवर गेली. या काळात घरबांधणी लोकांच्या मागोमाग, कधी त्यांच्या पुढेही धावत होती. परगण्याच्या दक्षिण भागातील लेकवुड येथे १९५० पासूनच्या तीनच वर्षांत, पूर्वीच्या शेतजमिनीवर सु. १७,५०० घरे उभी राहिली. अशी सपाट व मोकळी जमीन उपलब्ध होती, तोवर घरे व लोक यांच्या वाढीत फारशी तफावत पडली नाही. त्यानंतरच्या पन्नास वर्षांचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत :

| वर्ष | लोकसंख्या (लक्ष) | निवासगृहे (लक्ष) | दर निवासगृहामागे माणसे |
|---|---|---|---|
| १९७० | ७०.४ | २५.४ | २.७७ |
| १९८० | ७४.८ | २८.५ | २.६२ |
| १९९० | ८८.६ | ३१.६ | २.८० |
| २००० | ९५.२ | ३२.७ | २.९१ |
| २०१० | ९८.२ | ३४.५ | २.८५ |
| २०२० | १००.१ | ३५.९ | २.७९ |

(शेवटच्या स्तंभात रिकामी घरेही जमेस धरली असल्याने ही सरासरी कुटुंबाच्या सरासरी आकारापेक्षा थोडी कमी आहे.)

१९७०–८० या दशकात लोकसंख्या सु. ६ टक्क्यांनी, तर घरे सु. १२ टक्क्यांनी वाढली. रूढ तुलनेनुसार हे सुबत्तेचे दशक ठरावे. प्रत्यक्षात याच काळात कॅलिफोर्नियातील घरांच्या किंमती भडकल्या. राज्याच्या कायदेमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९७० मध्ये राज्यातील घरांच्या किंमती राष्ट्रीय पातळीहून सु. ३० टक्क्यांनी अधिक होत्या. १९८० पर्यंत हा फरक ८० टक्क्यांवर गेला. याचे एक कारण असे, की युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी या दशकात वयात येऊन स्वतंत्र घरे शोधू लागली होती. घटस्फोटांचे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाणही वाढत होते. माणसे थोडी वाढली, पण घर मागणारे पुष्कळ वाढले.

पुढील वीस वर्षांत चित्र उलटले. १९८०–९० मध्ये लोकसंख्या सु. १८ टक्क्यांनी वाढली आणि घरे सु. ११ टक्क्यांनी, १९९०–२००० मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ७.४ व ३.४ टक्के होते. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि आशियातील देशांतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांपैकी अनेक कुटुंबे मोठी व अल्प उत्पन्नाची होती. नवी घरे पुरेशी नसल्याने जुन्याच घरांत अधिक माणसे राहू लागली. ‘लॉस अँजेल्स टाइम्स’ या दैनिकाने १९८७ मध्ये केलेल्या पाहणीत परगण्यातील सु. ४२,००० मोटारगॅरेजांत सु. २ लक्ष लोक राहत असल्याचा अंदाज वर्तविला होता. परवान्यांच्या नोंदींत अशी जागा घर म्हणून येत नाही. जनगणनेत तेथील माणसे मोजली गेली, तर ती बहुधा पुढच्या बंगल्यातील कुटुंबातच धरली जातात. दर खोलीमागे एकाहून अधिक माणसे असल्यास घर दाटीचे समजण्याचा जो संकेत आहे, त्यानुसार २००० मध्ये परगण्यातील पाचव्या हिश्शाहून अधिक कुटुंबे दाटीत राहत होती. संपूर्ण देशात हे प्रमाण ६ टक्क्यांहून कमी होते. रिकाम्या घरांचे प्रमाणही ४.२ टक्क्यांपर्यंत उतरले होते. देशात ते ९ टक्के होते. भाडेकरूंची नेहमीची ये-जा आणि दुरुस्ती यांसाठी काही घरे कोणत्याही वेळी रिकामी असणे स्वाभाविक असते. तेव्हा ४ टक्के रिक्तता म्हणजे बाजारात घर जवळजवळ शिल्लक नसणे होय.

बांधकाम मंदावण्याची कारणे : मोकळी सपाट जमीन संपत आली, हे एक कारण खरे; परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. जमीन संपल्यावर शहरे सामान्यतः उंचीने वाढतात. येथे ती वाट नियमांनी अडविली. एका विद्यापीठीय अभ्यासानुसार लॉस अँजेल्स शहराच्या १९६० मधील भूवापर-नियमांत सु. १ कोटी लोक सामावतील इतक्या बांधकामाला वाव होता. नियम क्रमाक्रमाने कडक होत जाऊन २०१० पर्यंत ही क्षमता सु. ४३ लक्षांवर आली. याच शहरातील मतदारांनी १९८६ मध्ये सार्वमताने बहुतेक व्यापारी व औद्योगिक भूखंडांवरील चटई क्षेत्र निर्देशांक ३ वरून १.५ वर आणला. निवासी जमिनीचा फार मोठा भाग एका भूखंडावर एकच बंगला या नियमाखाली राखून ठेवलेला होता. वाहनांची गर्दी, सावली, शेजारवस्तीचे स्वरूप यांविषयीच्या रहिवाशांच्या तक्रारी सर्वस्वी निराधार होत्या असे नाही. पण ज्यांना अजून घर मिळालेले नव्हते, ते या मतदानात बहुशः नव्हतेच.

१९७८ मध्ये राज्याच्या मतदारांनी मालमत्ता कराचा दर मूल्याच्या १ टक्क्यापर्यंत मर्यादित केला आणि घर विकले जाईपर्यंत त्याच्या करपात्र मूल्यातील वार्षिक वाढ जास्तीत जास्त २ टक्के ठेवली. याचे दोन परिणाम झाले. जुन्या मालकांना घर न सोडणे लाभदायक ठरू लागले. दुसरे असे, की नव्या वसाहतीपासून मिळणाऱ्या करापेक्षा दुकानांपासून मिळणारा विक्रीकर नगरांना अधिक आकर्षक वाटू लागला आणि मोकळ्या जागा घरांऐवजी बाजारांसाठी देण्याकडे त्यांचा कल वाढला. १९९० नंतर शीतयुद्ध संपल्यामुळे संरक्षण व विमानउद्योगांत मोठी कपात झाली, मंदी आली, आणि १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात हजारो सदनिका राहण्यास अयोग्य झाल्या. त्या दशकातील अवघी ३.४ टक्क्यांची गृहवाढ या सर्वांचा एकत्रित परिणाम होय.

ज्यांना दाटीत राहणे मानवले नाही, त्यांतील अनेकांनी परगणाच सोडला. पूर्वेकडील रिव्हरसाइड परगण्याची लोकसंख्या १९८० मध्ये ६.६ लक्ष होती, ती २०२० मध्ये २४.२ लक्ष झाली. या वाढीतील बराच भाग लॉस अँजेल्समध्ये न बांधल्या गेलेल्या घरांचा आहे. तेथून रोज दूरवर कामाला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परगण्याच्या सीमेत राहून केलेल्या तुलनेत हे लोक कोठेच दिसत नाहीत. घर न मिळाल्याने जो निघून गेला, तो लोकसंख्येतून वजा होतो आणि त्याच्या जाण्याने तुलना उलट अधिक समाधानकारक दिसू लागते. या पद्धतीतील सर्वांत गंभीर दोष हाच म्हणावा लागेल.

वाढीचा भ्रम : २००० नंतर रूढ तुलना पुन्हा घरांच्या बाजूने झुकली. २०००–१० मध्ये लोकसंख्या ३.१ टक्क्यांनी, तर घरे ५.३ टक्क्यांनी वाढली. २०१०–२० मध्ये हे आकडे २.० व ४.३ टक्के होते. म्हणजे सलग वीस वर्षे घरांची वाढ लोकांच्या वाढीहून अधिक होती. ‘घरे पुरेशी आहेत, प्रश्न लोभी मालकांचा किंवा रिकाम्या गाळ्यांचा आहे’ असे मानणाऱ्यांनी या आकड्यांचा आधार घेतला. तथापि याच काळात भाडी उत्पन्नापेक्षा वेगाने वाढली आणि जानेवारी २०२० मध्ये झालेल्या गणनेत परगण्यात ६६,४३६ लोक बेघर आढळले.

या विसंगतीचा उलगडा वयोरचनेत होतो. परगण्यात अठरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण २००० मध्ये २८.० टक्के होते; जन्मदर घटल्यामुळे आणि मुले असलेली अनेक कुटुंबे बाहेर गेल्यामुळे ते २०१० मध्ये २४.५ टक्के झाले. मुलांची संख्या घटली, पण प्रौढांची ६८.५ लक्षांवरून ७४.२ लक्षांवर गेली. ही वाढ ८ टक्क्यांहून अधिक भरते. घर मूल मागत नाही, प्रौढ मागतो. घरांची ५.३ टक्के वाढ एकूण लोकसंख्येच्या वाढीहून अधिक, परंतु प्रौढांच्या वाढीहून बरीच कमी होती. याशिवाय आधीच्या वीस वर्षांतील उणीव तशीच होती. त्या वीस वर्षांत मागे पडलेली घरे पुढच्या दशकात लोकांपेक्षा एक-दोन टक्के अधिक वेगाने वाढली, म्हणून उणीव भरून येत नाही.

रिकाम्या घरांचा मुद्दाही तपासण्याजोगा आहे. २०१० मध्ये परगण्यात सु. २.०४ लक्ष घरे रिकामी होती. हा आकडा सुटा सांगितला तर प्रचंड वाटतो. एकूण घरांच्या प्रमाणात तो ५.९ टक्के असून त्या वर्षी देशातील प्रमाण ११.४ टक्के होते.

देशाच्या आकड्यांशी तुलना केली, म्हणजे परगण्याची स्थिती अधिक स्पष्ट होते. अ. सं. सं. मध्ये १९७० मध्ये दर निवासगृहामागे २.९६ माणसे होती. २०२० मध्ये २.३६ होती. कुटुंबे लहान होत जाण्याची ही सर्वसाधारण प्रवृत्ती आहे. लॉस अँजेल्स परगण्यातील आकडा १९७० मध्ये २.७७ म्हणजे देशाहून कमी होता, आणि पन्नास वर्षांनी तो २.७९ म्हणजे जवळजवळ तेवढाच राहून देशाहून पुष्कळ अधिक झाला. २०२० मधील लोकसंख्येला राष्ट्रीय प्रमाणाने घरे द्यावयाची झाल्यास सु. ४२.४ लक्ष घरे लागली असती, प्रत्यक्षात ३५.९ लक्ष होती. हा साडेसहा लक्षांचा फरक सर्वच टंचाईमुळे पडला असे म्हणता येणार नाही, कारण परगण्यात तीन पिढ्या एकत्र नांदण्याची रीत असलेले अनेक समाज आहेत. तरीही स्वेच्छेने एकत्र राहणारे आणि नाइलाजाने एकत्र राहणारे यांच्यात जनगणना भेद करीत नाही, हे ध्यानी ठेवावे लागते.

घटत्या लोकसंख्येचे परगणे : उलट दिशेनेही हीच तुलना फसवी ठरते. डिट्रॉइट शहर ज्यात मोडते, त्या मिशिगन राज्यातील वेन परगण्याची लोकसंख्या २०००–१० या दशकात २०.६ लक्षांवरून १८.२ लक्षांवर आली. ही घट सु. १२ टक्के आहे. घरे मात्र जेमतेम अर्ध्या टक्क्याने कमी झाली. रिकाम्या घरांची संख्या सु. ५८,००० वरून सु. १.१९ लक्षांवर गेली. माणसे गेली तरी घर जागेवरच राहते. ते पाडण्यासही खर्च येतो. पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग शहराच्या ॲलेगेनी परगण्यात याच दशकात लोकसंख्या ४.५ टक्क्यांनी घटली, तर घरे १ टक्क्याने वाढली. तेथे लोकसंख्येच्या मानाने घरे ‘जलद’ वाढली असे म्हणणे गणिताला धरून असले, तरी त्याला लॉस अँजेल्समधील त्याच वाक्याचा अर्थ मुळीच नाही.

नियोजनातील परिणाम : कॅलिफोर्नियात प्रत्येक नगराने आपल्या विकास आराखड्यात गृहनिवसनाचा भाग समाविष्ट करणे १९६९ पासून बंधनकारक आहे. त्यासाठी राज्य शासन ठराविक मुदतीने प्रत्येक प्रदेशाची घरांची गरज ठरवून देते आणि ती पुढे नगरांत वाटली जाते. दीर्घकाळ या गरजेचा मुख्य आधार भावी लोकसंख्येचा अंदाज हा होता आणि तो अंदाज मागील वाढीवरून बांधला जाई. यात एक दुष्टचक्र होते. घरे न बांधल्यामुळे लोकसंख्या कमी वाढली; ती कमी वाढली म्हणून पुढील अंदाज कमी आला; आणि अंदाज कमी आला म्हणून घरांचे उद्दिष्टही कमी ठरले. जो परगणा घरे अडवी, त्याला पुढील खेपेस आणखी कमी घरांची जबाबदारी मिळे.

२०१८ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून दाटी, भाड्याचा उत्पन्नावरील भार आणि रिकाम्या घरांचे अपुरे प्रमाण यांचाही हिशेब करण्यास सांगितले. परिणामी लॉस अँजेल्स परगण्यातील नगरांना व नगराबाहेरील भागाला मिळून २०१३–२१ या मुदतीसाठी जे उद्दिष्ट सु. १.८० लक्ष घरांचे होते, ते २०२१–२९ साठी ८,१२,०६० घरांचे झाले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ज्या प्रदेशात हा परगणा मोडतो, त्याच्या सु. १३.४ लक्षांच्या एकूण उद्दिष्टापैकी निम्म्याहून अधिक घरे भावी लोकांसाठी नसून आधीच तेथे राहत असलेल्यांच्या उणिवेसाठी धरण्यात आली. अनेक नगरांनी याला हरकत घेतली. लोकसंख्या वाढत नसताना एवढी घरे कशाला, हा त्यांचा युक्तिवाद जुन्याच तुलनेवर आधारलेला होता. उद्दिष्ट ठरणे आणि घर उभे राहणे यांत अर्थातच अंतर असते. यापूर्वीच्या मुदतींतील उद्दिष्टेही, विशेषतः अल्प उत्पन्न गटांसाठीची, बहुतांशी कागदावरच राहिली होती.

प्रत्यक्ष बांधकामाच्या बाबतीत अधिक परिणाम झाला तो एका साध्या बदलाचा. बंगल्याच्या आवारात एखादे छोटे जोडघर बांधण्यास किंवा गॅरेजाचे घरात रूपांतर करण्यास नगरांनी घातलेल्या बहुतेक अटी राज्याने २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यांनी व त्यांच्या पुढील दुरुस्त्यांनी दूर केल्या. त्यानंतर लॉस अँजेल्स शहरात अशा घरांच्या परवान्यांची संख्या झपाट्याने वाढली. १९८७ मध्ये ज्या गॅरेजांतील लोकांची गणती एका दैनिकाला करावी लागली होती, त्यांच्यासारखीच गॅरेजे आता रीतसर निवासगृहे म्हणून जनगणनेच्या घरांच्या रकान्यात येऊ लागली आहेत. त्यांतील काही बाबतींत घर नवे मोजले जाईल, पण राहणारी माणसे पूर्वीचीच असतील.

२०२० नंतर परगण्याची लोकसंख्या घटली. महासाथीतील मृत्यू, परदेशांतून येणाऱ्यांची मंदावलेली आवक आणि राज्याच्या इतर भागांकडे व राज्याबाहेर झालेले स्थलांतर ही त्याची कारणे होत. जनगणना विभागाच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये ती १ कोटीच्या बरीच खाली होती. घरांची संख्या मात्र दर वर्षी वाढतच राहिली. बेघरांची संख्या २०२३ च्या गणनेत ७५,५१८ झाली होती. २०२५ च्या गणनेत ती ७२,३०८ आढळली.